तालाची यंत्रे आणि तालाची माणसे

हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर नाचणारा गणपती आहे. सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल आणि त्याच्यापुढे उभे राहून फोटोही काढला असेल. बाप्पाच्या बत्तीस रूपांत 'नृत्यगणपती' हे एक रूप मानले जाते. बुद्धीची देवता नाचते याचे आपल्याला काहीच वाटत नाही. आपली मुले टीव्हीपुढे नाचू लागली की मात्र 'अभ्यास सोडून हे काय चाललंय?' असे आपण पटकन म्हणून जातो. स्मरणिकेसाठी लेख द्या असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा म्हणूनच मी जरा वेगळा विषय घेतला: तालावर खेळायचे व्हिडिओ गेम, त्यांचा इतिहास आणि त्यातून आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांनी घेण्यासारखे काही असेल तर ते.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात गोळीबार नसतो, गाड्यांची शर्यत नसते. गाणे चालू असते आणि पडद्यावर बाण किंवा ठिपके सरकत येतात. खूण ठरलेल्या रेषेवर पोचली की नेमक्या त्याच क्षणी तुम्ही बटण दाबायचे, पाय आपटायचा किंवा टिपरी मारायची. वेळ साधली तर गुण, चुकली तर गुण गेले. फारच चुका झाल्या तर गाणे अर्ध्यावर बंद!

सुरुवात कुठून झाली?

या खेळांचे मूळ जपानमध्ये आहे. १९७१ साली कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकाने नाणे टाकून गाण्याची साथ वाजवणारे यंत्र तयार केले. तेच कराओके. गंमत म्हणजे त्याने त्याचे पेटंट घेतलेच नाही! सामान्य माणसाला यंत्राच्या साथीने चार लोकांत गायची सवय लागली ती तिथून. १९७८ साली अमेरिकेत राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचे 'सायमन' हे खेळणे आले. चार रंगांची चार बटणे, प्रत्येकाचा सूर वेगळा. यंत्र वाजवील तो क्रम आपण परत वाजवून दाखवायचा. त्यात कस लागे तो स्मरणशक्तीचा, तालाचा नव्हे. पण 'यंत्र वाजवणार आणि माणूस उत्तर देणार' ही सवालजवाबाची कल्पना त्यात होती.

खरा तालाचा खेळ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो 'पॅरप्पा द रॅपर'. मासाया मात्सुउरा या संगीतकाराने केलेला हा खेळ १९९६ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशनवर आला. पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीने पाच पट्ट्या आणि एक फिरती तबकडी असलेले 'बीटमेनिया' हे यंत्र खेळघरांत ठेवले. १९९८ मध्ये त्याच कंपनीचे 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आले, आणि हात बाजूला राहून पाय कामाला लागले. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण असलेल्या चौथऱ्यावर उभे राहायचे आणि गाण्याबरोबर पावले टाकायची. १९९९ मध्ये कोरियातून पाच चौकोनांचे 'पंप इट अप' आले. २००१ मध्ये नामको कंपनीने 'ताइको नो तात्सुजिन' आणले. त्यात खराखुरा दिसणारा जपानी ढोल समोर असतो. मधोमध मारले की 'दोन' आणि काठावर मारले की 'का'. ढोल, त्याचे दोन बोल आणि वाजवणाऱ्याभोवती गर्दी! आपल्याला हे परके वाटायचे कारणच नाही.

खेळघर: नाणे आणि गर्दी

या यंत्रांनी एक मोठा बदल घडवला. त्याआधीचा व्हिडिओ गेम पार्लर म्हणजे अंधारी खोली, यंत्राला नाक लावून उभी असलेली मुले आणि आईवडिलांची बोलणी. तालाच्या यंत्राने खेळाडूला चौथऱ्यावर चढवले आणि त्याच्यामागे प्रेक्षक उभे केले. आता कोण हरते-जिंकते यापेक्षा कोण कसा नाचतो हे पाहायला लोक थांबू लागले.

मी २००१ साली नोकरीसाठी बंगळूरला आलो. २००४ मध्ये कोरमंगलला फोरम मॉल उघडला आणि पाठोपाठ शहरात मॉलची रांग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावरची खेळघरे ही आमच्यासारख्या नोकरदारांची शनिवारची ठिकाणे झाली. तिथे नाचाच्या यंत्रावर एकदा एक पंचविशीचा मुलगा पाहिला. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, पायात चामडी बूट. दहा-बारा अनोळखी माणसांसमोर तो पहिल्याच गाण्यात सपशेल आपटला, हसला, कार्ड परत घासले आणि पुन्हा उभा राहिला. चार वेळा! आपल्याकडे गाणे किंवा नाच शिकणारा माणूस चारचौघांत उभा राहायला वर्षानुवर्षे घाबरतो. 'अजून तयारी नाही' म्हणतो. या यंत्रापुढे घराणे नाही, गुरू नाही, 'तुझा आवाज नाही' म्हणणारे कोणी नाही. चुकलास? पुन्हा कर. हे त्या यंत्राचे मोठे देणे आहे असे मला वाटते.

घरात आलेला ताल

खेळघरातले यंत्र लाखोंचे. घरात आली ती त्याची गुंडाळता येणारी प्लॅस्टिकची चटई. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'ची घरगुती आवृत्ती जपानमध्ये १९९९ मध्ये निघाली. पुढे प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींहून अधिक विकला गेला आणि चटया घरोघरी पसरल्या. टीव्हीला थेट जोडायच्या स्वस्त चटयाही बाजारात मिळू लागल्या. बसवनगुडीतल्या जुन्या बैठ्या घरांत या चटईने कोणाला त्रास झाला नसता. पण आम्ही राहायचो पहिल्या मजल्यावर. खालच्या अज्जी जिन्यात गाठून 'निधान पुट्टा, निधान' म्हणायच्या, म्हणजे 'हळू रे बाळा.' मग चटईखाली जुनी गादी घालण्याचा शोध आम्ही लावला.

आपल्या संगणकवाल्या मंडळींनी आणखी स्वस्त मार्ग धरला. २००१ च्या सुमारास निघालेला 'स्टेपमेनिया' हा मुक्त आणि फुकट कार्यक्रम संगणकावर चाले. त्यात आपल्याला हवे ते गाणे घालून त्याची पावले स्वतः लिहिता येत. २००६ मध्ये फिनलंडच्या तरुणांनी 'फ्रेट्स ऑन फायर' काढले. त्यात कळफलकच गिटारसारखा छातीशी धरायचा. डाव्या हाताने वरच्या रांगेतल्या एफ-१ ते एफ-५ या कळा दाबायच्या आणि उजव्या हाताने एंटर. ज्या कळांनी आठवडाभर प्रोग्रॅम तपासायचा, त्याच कळांनी शुक्रवारी रात्री गिटार!

प्लॅस्टिकच्या गिटारची लाट आली ती २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, हार्मोनिक्स आणि रेडऑक्टेन या कंपन्यांच्या 'गिटार हिरो'ने. यातली रेडऑक्टेन त्याआधी नाचाच्या चटया करत असे. २००७ मध्ये गिटार, ड्रम आणि माइक यांची चौघांची टोळी जमवणारा 'रॉक बँड' आला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या 'गिटार हिरो'ची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली. मग मात्र हाव नडली. वर्षाला अनेक भाग, प्रत्येकाची नवी वाद्ये. लोकांच्या घरात जागा उरली नाही आणि नवलही उरले नाही. २०११ च्या फेब्रुवारीत 'गिटार हिरो'चा विभागच बंद करण्यात आला. परदेशातून परतलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या माळ्यावर त्या गिटारी अजून धूळ खात पडल्या असतील.

आणि पुणे!

आपल्या वाचकांना आवडेल असा भाग आता सांगतो. २००९ मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने 'जस्ट डान्स' काढला. चटई नाही, वाद्य नाही. हातात छोटा रिमोट धरायचा आणि पडद्यावरचा नर्तक करील तसे करायचे. आजीपासून नातीपर्यंत कोणीही खेळावे इतका सोपा, म्हणून तो टिकला. या कंपनीने २००८ मध्ये पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला होता. 'जस्ट डान्स २०१५' आणि त्यापुढच्या भागांच्या निर्मात्यांत पॅरिस, मिलान यांच्याबरोबर पुण्याचेही नाव आहे. म्हणजे ज्या शहरात गणपतीच्या महिनाभर आधीपासून नदीकाठी ढोलांचा सराव ऐकू येतो, त्याच शहरातल्या मुलामुलींनी जगाला नाचवणाऱ्या खेळावर काम केले! आपली गाणीही त्यात गेली: २०१३ च्या भागात, म्हणजे 'जस्ट डान्स २०१४'मध्ये, प्रीतमचे 'आहूं आहूं' होते, आणि 'जस्ट डान्स २०१७'मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'मधले 'राधा'. त्याआधी २००७ मध्ये सोनीने हिंदी गाण्यांचा 'सिंगस्टार बॉलीवूड' काढला होता. मराठी गाणे मात्र यात कुठे माझ्या पाहण्यात आले नाही. ही उणीव आपल्यातल्याच कोणा तरुणाने भरून काढावी.

यंत्राचा ताल, माणसांचा ताल

आता मूळ प्रश्न. हे खेळ खेळून ताल येतो का?

वेळेचा नेमकेपणा नक्की येतो. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, आणि नाचाच्या यंत्रात सर्वांत वरचा शेरा मिळवायला पाय त्या साठाव्या भागाच्या आगेमागेच पडावा लागतो. जुने फुगीर टीव्ही जाऊन सपाट टीव्ही आले तेव्हा या खेळांची पंचाईत झाली. नव्या टीव्हीत चित्र तयार व्हायला सेकंदाचा काही शतांश भाग उशीर होतो. सिनेमा बघताना तो कळतही नाही, पण इथे तेवढ्यावर सगळे बिघडते. म्हणून खेळ सुरू करण्याआधी उशीर मोजून जुळवून घेण्याची सोय द्यावी लागली. एवढ्या बारीक फरकाचे भान आपल्या मुलांच्या अंगात येते, हे थोडे नाही.

पण बसवनगुडीत राहणाऱ्याला ताल शिकायला यंत्राकडे जायची गरज नाही. कृष्णराजेंद्र रस्त्यावरच्या, १९०५ साली स्थापन झालेल्या गायन समाजात एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा. व्यासपीठाकडे पाहू नका, श्रोत्यांकडे पाहा. गायक आदितालात गात असेल तर शेजारच्या आजोबांचा हात मांडीवर चाललेला दिसेल: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. आठ मात्रा झाल्या की पुन्हा पहिली टाळी. सभागृहातले कितीतरी हात एकाच वेळी हे करीत असतात. गुण नाहीत, शेरे नाहीत. मृदंगवाला समेवर आला की सगळ्यांच्या माना एकदम हलतात, तेच बक्षीस.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लेझीमच्या सरावाला नवी आठ-दहा मुले आली. सगळी इथेच जन्मलेली, मराठी घरापुरते बोलणारी, आणि बहुतेक सगळी असल्या खेळांत मुरलेली. ताशावाले काका संथ ठेका देत होते तोवर मुलांचे पाऊल घड्याळासारखे पडत होते. आम्हा पन्नाशीच्या लोकांपेक्षा किती तरी चोख! मग काकांनी लय चढवली. मुले आपल्या जुन्याच लयीत राहिली. नजर समोर, जणू पुढचा बाण दिसायची वाट पाहत असल्यासारखी. यंत्राच्या गाण्याचा वेग आधीच ठरलेला असतो, खेळणाऱ्याकडे बघून ते कधी थांबत नाही की चढत नाही. शेजारी काय चालले आहे ते ऐकायची सवय तिथे लागणार कशी?

काकांनी कोणाला रागावले नाही. सगळ्यांना गोल उभे केले आणि म्हणाले, "माझ्या हाताकडे बघू नका. शेजारच्याची लेझीम ऐका." पाचव्या दिवशी मुले बरोबर चढू लागली. आणि मी आणखी एक पाहिले. चुकल्यावर एकही मूल ओशाळून बाजूला बसले नाही. "काका, परत!" एवढेच म्हणायची. ही सवय त्यांना आम्ही दिलेली नव्हती.

आपल्या आरतीचेच पाहा. पहिली आरती संथ, दुसरी जरा पुढे, आणि शेवटी टाळ, टाळ्या, झांजा सगळे असे सुटतात की कोणतेही यंत्र हात टेकेल. तरी शंभर माणसे एकत्र थांबतात. कोणी मोजलेले नसते, सगळ्यांनी एकमेकांना ऐकलेले असते. गाव सोडून आलेल्या माणसांना हे ऐकणे फार जपावे लागते, कारण वर्षातले दहाच दिवस ते आपोआप घडते.

तेव्हा खेळावर बंदी नको, आणि नुसत्या खेळावर भागेल असेही नको. मंडळाला माझी एक सूचना आहे. मुलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात एका बाजूला पडदा लावून नाचाचा खेळ ठेवावा आणि दुसऱ्या बाजूला लेझीम व टाळ. मुलांनी आजीआजोबांना चटईवर उभे करावे, आजीआजोबांनी मुलांच्या हातात टाळ द्यावेत. कोणाच्या माळ्यावर जुनी प्लॅस्टिकची गिटार किंवा चटई असेल तर चतुर्थीच्या आधी कार्यकारिणीकडे पोचवावी. गादीची सोय मी करतो, अज्जींना आमंत्रणही मीच देईन.

गणपती बाप्पा मोरया!