लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन
फिलिपिन्समधील मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील सेंट जोसेफ चर्चच्या ऑर्गनमध्ये १०३१ नळ्या आहेत. त्यांतल्या ९०२ बांबूच्या. तिथले स्पॅनिश धर्मगुरू दिएगो सेरा यांनी १८१६ मध्ये हे काम हाती घेतले. बांबू मुबलक होता, पण त्याला कीड फार लवकर लागते. म्हणून तोडलेला बांबू सुमारे वर्षभर समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला आणि त्यातून जो शाबूत निघाला, त्याच्याच नळ्या केल्या. सेरांचा हा धीर थक्क करणारा आहे.

१८२१ मध्ये वाद्य जवळपास तयार झाले. तुतारीचा कणखर स्वर मात्र बांबूतून निघेना. अखेर त्या स्वराच्या नळ्या धातूच्या घडवून स्पॅनिश रीतीप्रमाणे दर्शनी भागात आडव्या बसवल्या, आणि १८२४ मध्ये ऑर्गन पुरा झाला.

पुढे भूकंप-वादळांनी त्याची दैना केली. १९७३ मध्ये तो सुटा करून जर्मनीतील बॉन येथे ऑर्गन बनवणाऱ्या क्लाइस यांच्या कारखान्यात नेला. तिथल्या कोरड्या हवेत बांबू तडकू नये म्हणून खास दमट खोलीत दुरुस्ती झाली. १९७५ मध्ये तो मूळ जागी परतला. पुढच्या वर्षापासून तिथे ऑर्गन महोत्सव भरू लागला.