हूव्हर धरण अजून निवते आहे का?

अमेरिकेतील हूव्हर धरणाविषयी एक विधान वर्षानुवर्षे फिरत आहे: या धरणातील काँक्रीट आजही निवतेच आहे, ते पूर्ण थंड होण्यास १२५ वर्षे लागणार आहेत. आकडा खरा आहे. अर्थ मात्र उलटा लावला जातो. ती १२५ वर्षे म्हणजे अभियंत्यांनी टाळलेल्या संकटाचा हिशेब होय.

काँक्रीट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगातून ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते. त्यावर पाणी मारायचे ते मुख्यतः पृष्ठभाग अकाली वाळून तडकू नये म्हणून. पायाशी सुमारे २०१ मीटर जाडीच्या धरणात मात्र ही उष्णता पोटातच कोंडते. बाहेरचा थर निवून आकसू पाहतो, आतला तापलेला गाभा त्याला आकसू देत नाही. कोवळ्या काँक्रीटला असा ताण सोसत नाही आणि तडे जातात. पाणी अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीत तडे म्हणजे मूळ हेतूवरच घाला.

कोलोरॅडो नदीवरील ब्लॅक कॅनियनमध्ये ‘ब्युरो ऑफ रिक्लमेशन’ला सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट ओतायचे होते. ते सलग ओतले असते, तर निवायला सव्वाशे वर्षे लागली असती. म्हणून जॉन सॅव्हेज यांच्या नेतृत्वाखालील आरेखकांनी धरण अखंड न ठेवता त्याचे उभे स्तंभ पाडले. प्रत्येक स्तंभ ५ फुटांच्या थरांनी चढवायचा होता. (मजूर काँक्रीटमध्ये गाडले गेल्याची दंतकथाही येथेच निकालात निघते. इतक्या उथळ थरात माणूस नकळत गाडला जाणे शक्य नव्हते. बांधकामात माणसे दगावली, हे मात्र खरेच आहे.)

विभागणी पुरेशी नव्हती. प्रत्येक थरात एक इंच व्यासाच्या पोलादी नळ्या अंथरल्या गेल्या. त्यांची एकूण लांबी ५८२ मैल, म्हणजे ९३० किलोमीटरहून अधिक! त्यांतून आधी नदीचे पाणी आणि मग शीतगृहात गार केलेले पाणी खेळवले जाई. त्या शीतयंत्रणेची क्षमता दिवसाला १,००० टन बर्फ बनवण्याइतकी होती. ही कल्पना ओरेगॉनमधील ओवायही धरणावर आधी आजमावून पाहिली होती. शिवाय सिमेंटही कमी उष्णता सोडणारे वापरले गेले.

खरी चतुराई पुढे आहे. काँक्रीट आकसणार हे अटळ होते. म्हणून ते आताच आणि ठरलेल्या जागीच आकसू द्यायचे. स्तंभ निवले की त्यांच्यामधील सांधे किंचित उघडत. त्या फटींत दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरले जाई आणि सुटे स्तंभ एकसंध होत. काम संपल्यावर नळ्यांतही तेच मिश्रण भरून त्या बंद केल्या गेल्या.

पहिले काँक्रीट ६ जून १९३३ रोजी पडले, शेवटचे २९ मे १९३५ रोजी. शीतकरण त्याआधीच, मार्चमध्ये आटोपले होते. पुढे धरणाला गळती लागली, ती पायाच्या खडकातून. १९३८ ते १९४७ या काळात तो खडक पुन्हा भरून घ्यावा लागला. १९९५ साली धरणातून काढलेले काँक्रीटचे नमुने तपासले, तेव्हा त्याची ताकद अजून हळूहळू वाढत असल्याचे आढळले. त्यातली उष्णता मात्र साठ वर्षांपूर्वीच नळ्यांवाटे निघून गेली होती.