जेट स्की आवाज करते पण पळत नाही? दोष इंजिनात की पंपात, असं ओळखा

डिसेंबरातल्या ऐन गर्दीच्या दिवसांत मालवणहून मावसभावाचा फोन आला. "दादा, मशीन नुसतं बोंबलतंय, पळत नाही." त्याच्या दोन जेट स्कींपैकी एक किल्ल्याच्या बाजूला गिऱ्हाईक घेऊन गेली होती आणि परत येताना तिचा जोरच गेला. दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली. आठवडाभरापूर्वीच एका मेकॅनिकने तिचे प्लग बदलून, इंजेक्टर साफ करून बिल घेतलं होतं. मी बोटींच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढलीयेत, म्हणून हा फोन मला.

मी त्याला एकच विचारलं. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मीटरवर आरपीएम किती दिसतो आणि वेग किती?

या दोन आकड्यांत निम्मं निदान होतं. मोठ्या फोर-स्ट्रोक मशीनचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला साधारण ७,५०० ते ८,००० आरपीएमच्या आसपास जातं. आरपीएम तिथवर चढतोय, पण वेग वाढत नाही, म्हणजे इंजिन ताकद देतंय आणि ती पाण्यापर्यंत पोचत नाहीये. दोष पंपात. आरपीएमच चढत नसेल तर आधी इंजिनाकडे बघायचं. भावाचं उत्तर आलं, "आरपीएम नेहमीपेक्षा जास्त, वेग निम्मा." म्हणजे प्लगचे पैसे फुकट गेले होते.

पंप करतो काय?

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. (जेट स्की हे खरं तर कावासाकीचं नाव. यामाहाची ती वेव्हरनर, बीआरपीची सी-डू. पण आपण सगळ्याच फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच हे.) बुडाखाली जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं. ड्राइव्ह शाफ्टवर बसवलेला इंपेलर ते मागे ढकलतो, पुढच्या स्थिर पात्या पाण्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या नोझलमधून धार बाहेर पडते. धार मागे, मशीन पुढे. वळायचं असेल तर तीच धार बाजूला वळते. म्हणून धार गेली की हँडल कितीही फिरवा, मशीन वळत नाही. किल्ल्याभोवतीच्या खडकांजवळ असं झालं तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

इंपेलर ज्या नळीत फिरतो तिच्या आत बऱ्याच मॉडेल्समध्ये वेअर रिंग नावाचं कडं असतं. पात्याचं टोक आणि हे कडं यांच्यातली फट मिलिमीटरच्या दशांशांत मोजतात. ती वाढली की पाणी पात्याच्या टोकावरून मागे सरकतं, इंपेलर घसरतो आणि दाब इतका उतरतो की गार पाण्यातही वाफेचे बुडबुडे होतात. हे कॅव्हिटेशन. बुडबुडे फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. बाहेरून हवा आत खेचली गेली तरी लक्षण जवळपास हेच दिसतं. जाळीभोवतीचं सील सुटलंय का, हे त्यासाठी बघायचं.

हात घालण्याआधी

इंजिन बंद करा, मनगटाची दोरी आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. शक्य असेल तर बॅटरीची वायरही काढा. "सेकंदभर फिरवून बघ" म्हणणारा माणूस शेजारी असेल तर त्याला चहा आणायला पाठवा. हातमोजे घाला, पात्यांच्या कडा धारदार असतात.

आमच्याकडे पहिल्यांदा काय सापडलं? जाळी बाहेरून स्वच्छ दिसत होती. पण टॉर्च आत धरला तर इंपेलरच्या पुढे शाफ्टला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन घट्ट गुंडाळलेला. मागून नोझलमधून बघणाऱ्याला तो दिसतच नाही. कापून काढायला दीड तास लागला. असा कचरा असला की बहुतेकदा थरथरही जाणवते. भाव म्हणाला, हो, थरथर होती, पण लाटांमुळे वाटली. हल्लीच्या काही सी-डू मॉडेल्समध्ये इंपेलर उलटा फिरवून कचरा बाहेर टाकायची सोय आहे, आपल्याकडच्या जुन्या मशीनना मात्र हातच घालावा लागतो.

पाण्यात नेली. थरथर गेली, वरचा वेग जवळपास परत आला. पण उभ्या जागेवरून थ्रॉटल दाबला की आधी नुसताच आवाज, मग दोन-तीन सेकंदांनी पकड. हे झिजलेल्या वेअर रिंगचं ठरलेलं लक्षण. फीलर गेज घालून चारी बाजूंनी फट मोजली, ती मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर होती आणि कड्यावर वाळूचे गोल चरे. कारण उघड होतं. गिऱ्हाईक चढवायला मुलं गुडघाभर पाण्यात इंजिन चालू करायची. कंपन्या किमान दोन ते तीन फूट पाणी सांगतात, नाहीतर पंप वाळूच पितो. पात्याची पुढची कड वाकली असेल तर नुसती रिंग बदलून भागत नाही, इंपेलरही दुरुस्त करावा लागतो. आमचा वाचला.

धार अजिबातच नाही आणि इंजिन मोकळं फिरतंय? मग शाफ्टचे दाते किंवा कपलिंग गेलं असेल. सगळं बंद असताना इंपेलर हाताने फिरवा. तो इंजिनाला न जुमानता सहज फिरला तर तेच. रिव्हर्सची बादली अर्धवट खाली अडकली तरी पुढची ओढ जाते, तिच्याकडेही एकदा नजर टाका.

आरपीएम कमी असेल तर सगळ्यात आधी बुडातलं पाणी काढा. बुच नीट बसलं नसेल तर मशीन शंभरेक लिटर पाणी घेऊन पळत असतं. मग वॉर्निंग दिवा लागून इंजिनाने स्वतःच वेग आवरलाय का, ते बघा. सेकंड-हँड घेणाऱ्यांनी किल्लीही तपासावी. शिकाऊ किल्ली लावून "इंजिन गेलं" म्हणणारे मी पाहिलेत. प्लग आणि पेट्रोलातलं पाणी त्यानंतर.

किनाऱ्यावर नळ जोडून चालवताना आधी इंजिन, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलंत तर एक्झॉस्टमधून पाणी इंजिनात शिरू शकतं. बंद मशीन ओढून आणतानाही तोच धोका, म्हणून अगदी हळू ओढायचं.

रिंग बदलल्यावर पहिल्या दिवशी शांत पाण्यात, एकट्या माणसासह, पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम आणि वेग आम्ही वहीत लिहून ठेवला. भाव आता दर महिन्याला तीच नोंद करतो. आरपीएम वर आणि वेग खाली सरकायला लागला की तो आधी टॉर्च काढतो.