मिठागराच्या गावी मांडलेलं बिऱ्हाड

नव्या ओळखीच्या माणसाला आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. ‘राहता कुठे?’ आणि पाठोपाठ ‘मूळचे कुठले?’ मीरा-भाईंदरमध्ये या दोन प्रश्नांचं उत्तर क्वचितच एक असतं. कुणी गिरगाव-लालबागची चाळ सोडून आलेला, कुणी कोकणातून, कुणी थेट राजस्थानातून नाहीतर उत्तर प्रदेशातून. हे गाव त्यांना वारशाने मिळालं नाही. परवडलं म्हणून त्यांनी ते जवळ केलं. असं गाव आपलं कधी होतं?

गाव तसं जुनं. साष्टी बेटाचं हे वायव्य टोक, पलीकडे वसईची खाडी. उत्तन-डोंगरीचा भाग पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जाई. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. इथला दगड पोर्तुगिजांनी वसईच्या बांधकामांसाठी नेला. खाडीच्या तोंडावरची ही जागा किती मोलाची आहे, हे चिमाजी अप्पांनी ओळखलं होतं. १७३९ मध्ये मराठ्यांनी आधी धारावीचा किल्ला घेतला, मग वसई. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि भाईंदरच्या मिठागरांतलं मीठ गाडीने बाहेर जाऊ लागलं. शेती, मीठ आणि मासळी यांवर आगरी-कोळ्यांची ही गावं पुढेही कितीतरी वर्षं जगत राहिली.

पुढे मुंबई अपुरी पडू लागली. चाळीतल्या एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात. बोरिवली-दहिसरचे भाव हाताबाहेर गेले, तशी माणसं दहिसरची हद्द ओलांडून इकडे आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली. कुणाला हक्काचं दार हवं होतं, कुणाला निर्धास्त झोप.

शहर किती वेगाने वाढलं ते पाहा. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली; २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! २०११ मध्ये आठ लाखांचा आकडाही मागे पडला.

माणसं आली, पण पाणी त्या वेगाने आलं नाही. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचंच मुख. नदी दाराशी, पण खारी झालेली. तिचं गोडं पाणी मात्र लांबून, नळाने आणायचं! नळाला पाणी यायची वेळ हेच इथल्या घरांचं घड्याळ झालं. टँकरमागे हंडे घेऊन धावताना शेजाऱ्याचं नाव कळलं, मग त्याची भाषा थोडीफार कळली. लोकलच्या दारात लोंबकळताना ज्याने हात धरून आत ओढलं, त्याची जात कुणी विचारली नाही.

या ओळखीची कसोटी ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लागली. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरच्या दरम्यान. १८० हून अधिक माणसं गेली, आणि ती बहुतेक घरी परतणारी होती. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन जखमींना उचलायला धावले. कोण मूळचा कुठला, हे विचारायला त्या वेळी सवड नव्हती.

मात्र सगळंच गोड नाही. जून २०२५ च्या अखेरीस मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. त्यानंतर मीरा रोडला आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी माणसांचा. मला वाटतं, थप्पड मारून भाषा शिकवता येत नाही. पण जिथे घर केलं, मुलं वाढवली, तिथली भाषा वर्षानुवर्षं कानाआड करणं, हेही घर केल्याचं लक्षण नव्हे. शिकणाऱ्याने चुकायची लाज सोडावी आणि आपण मराठी मंडळींनी त्याच्याशी लगेच हिंदीत बोलायची सवय सोडावी.

चाळीतून आलेल्या आपल्यासारख्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इथे आपणही उपरेच. या शहरातली जुनी मराठी ऐकायची तर उत्तनच्या किनाऱ्यावर जावं. ती तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरी बोलली जाते, देवळातल्या प्रार्थनेतही ऐकू येते. मासळी वाळत घातलेल्या त्या अंगणांत आपल्या इमारतींच्या आधीचं गाव अजून आहे. इथे राहून वीस वर्षं झाली तरी बसने अर्ध्या-पाऊण तासावरचं उत्तन अनेकांनी पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जाऊन यावं. कुणी ‘कुठले तुम्ही?’ असं विचारलंच, तर मूळ गावाच्या आधी ‘इथलेच, मीरा रोडचे’ असं सांगून पाहावं.