‘अनटचेबिलिटी’ : एका शब्दाची फोड

‘अनटचेबिलिटी’ हा शब्द आपण भाषणांत, निवेदनांत, स्पर्धा परीक्षेच्या उत्तरांत सहज वापरतो. त्याचे चार तुकडे पडतात : अन, टच, एबल, इटी. ‘अन’ हा नकार अस्सल जुन्या इंग्रजीतला; संस्कृतमधल्या नकारार्थी ‘अ’शी त्याचे मूळ एकच. ‘टच’ जुन्या फ्रेंचमधून आला. ‘एबल’ आणि ‘इटी’ हे दोन्ही प्रत्यय लॅटिनचे, फ्रेंचमार्गे आलेले. ते जुळले की ‘एबिलिटी’ होते. (समर्थ या अर्थाचा ‘एबल’ हा सुटा शब्द वेगळ्या लॅटिन शब्दातून आला आहे. प्रत्यय त्याच्यापासून निघाला, हा समज चुकीचा.)

‘अस्पृश्यता’ची बांधणीही अशीच : अ, स्पृश्, य, ता. तुकड्याला तुकडा जुळतो.

पण नुसत्या फोडीने अर्थ कळत नाही. याच घडणीचा, पण सगळा लॅटिन असलेला भाऊ म्हणजे ‘इन्टँजिबिलिटी’. त्याचा अर्थ अमूर्तपणा. हिशेबनीस कंपनीच्या नावलौकिकाला ‘इन्टँजिबल’ मालमत्ता म्हणतात. त्यात कुणाचा अपमान नाही.

खरी गोम ‘एबल’मध्ये आहे. ‘अनब्रेकेबल’ काच म्हणजे फुटू न शकणारी. ‘अनटचेबल’ माणूस मात्र शिवता न येणारा नसतो, त्याला शिवायचे नाही असे कुणीतरी ठरवलेले असते. प्रत्यय त्या बंदीला शक्यतेचे रूप देतो आणि बंदी घालणारा वाक्यातून गायब होतो. पुढे ‘इटी’ लागला की तो जणू त्या माणसाचाच गुणधर्म ठरतो. त्यापेक्षा आपल्याकडचा ‘शिवाशिव’ हा शब्द प्रामाणिक म्हणायचा. शिवाशिव ‘पाळावी’ लागते, म्हणजे पाळणारा आलाच.

संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये हा शब्द इंग्रजीत अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. देवराजय्या खटल्यात म्हैसूर उच्च न्यायालयाने या चिन्हांवर बोट ठेवले : शब्दाचा व्याकरणातला अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासक्रमाने वाढलेली प्रथा घ्यायची. अनुच्छेद नुसती अस्पृश्यता नष्ट करून थांबत नाही, तिच्या ‘आचरणा’लाही मनाई करतो. प्रत्ययाने गायब केलेला माणूस इथे पुन्हा समोर येतो, आरोपी म्हणून.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाचे नाव १९७६ च्या दुरुस्तीने बदलले. आता तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहे; तक्रार अर्जात हेच नाव लिहावे.