निम्म्यांचा हिशेब

कपाशीच्या हंगामात विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर घटकाभर उभे राहिले, की येणारे गिऱ्हाईक तुडतुड्यांवरचे औषध, बोंडअळीचे औषध, तणाचे औषध अशी औषधांचीच मागणी करताना ऐकू येते. विष मागायला तेथे कोणी येत नाही. दुकानदार जी बाटली पुढे सरकवतो तिच्या चिठ्ठीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो, आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. हा रंग कारखानदाराच्या मर्जीने ठरत नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनी तो मुक्रर केला असून, प्रयोगातील जनावरांपैकी निम्मी जनावरे ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, तोंडावाटे दिली असता, देहाच्या दर किलोग्रॅममागे १ ते ५० मिलिग्रॅम भरली तर लाल, ५१ ते ५०० भरली तर पिवळा, ५०१ ते ५,००० भरली तर निळा आणि त्याहून अधिक भरली तर हिरवा, अशी ती वाटणी आहे. या मात्रेला शास्त्रज्ञांच्या परिभाषेत ‘एलडी ५०’ म्हणतात. मरणाचा अंदाज घ्यायचा तर तो निम्म्यावरच का थांबावा, असा प्रश्न ही संज्ञा प्रथम ऐकणाऱ्याला पडतो, आणि तिची कुळकथा सांगण्यासारखी आहे ती या प्रश्नामुळेच.

ही संख्या जन्मली ती मात्र खरोखरीच्या औषधाच्या घरी. हृदयविकारावर दिले जाणारे डिजिटॅलिस इंग्लंडात विल्यम विदरिंगने १७८५ साली ग्रंथ लिहून प्रतिष्ठित केले. परंतु ते एका वनस्पतीच्या पानांचे, आणि पानांचा गुण ऋतूप्रमाणे, जमिनीप्रमाणे, सुकवण्याच्या रीतीप्रमाणे बदलणारा, त्यामुळे एका कुपीतील दहा थेंबांनी रोग्याला उतार पडावा आणि दुसऱ्या कुपीतील तितक्याच थेंबांनी तो दगावावा, असा प्रकार होता. रासायनिक पृथक्करणाने या अर्काची ताकद मोजता येईना, तेव्हा ती सजीवावरच तोलण्याची वहिवाट पडली. बेडकांवर तोलणारे बेडकांची परिमाणे सांगत. अमेरिकेत हॅचर आणि ब्रॉडी यांनी १९१० साली मांजराचे परिमाण काढले. तिकडे जर्मनीत पाउल एर्लिख याने घटसर्पाच्या विषाचे माप ठरवताना अडीचशे ग्रॅम वजनाचा गिनीपिग सुमारे चार दिवसांत मारील तेवढे विष, म्हणजे किमान मारक मात्रा, हे एकक धरले होते. कल्पना दिसायला स्वच्छ होती: एका मात्रेखाली जगणे, तिच्यावर मरणे, आणि मधे एक रेघ.

प्रत्यक्षात ही रेघ कोणालाच सापडत नव्हती. लंडननजीक वेलकम संस्थेच्या शरीरक्रिया-प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन विल्यम ट्रेव्हन याने १९२७ साली रॉयल सोसायटीच्या कामकाजात जो दीर्घ निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच विषारीपणा ठरवण्यातील ‘चूक’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते त्या माणसाची सारी थोरवी त्या एका शब्दात आहे. कारण इतर मंडळी विषाची ताकद शोधत असताना हा गृहस्थ आपल्या मापात खोट किती, याची रुजुवात घेत बसला होता. एकाच मात्रेने एक बेडूक मरतो आणि शेजारचा उड्या मारीत राहतो, हा प्रयोगातला दोष नसून जीवसृष्टीचा स्वभाव आहे, हे त्याने ओळखले. मात्रा वाढवत नेऊन मृतांचे शेकडा प्रमाण कागदावर मांडले, तर वक्र आरंभी रेंगाळतो, मध्यावर झपाट्याने चढतो आणि अखेरीस पुन्हा आडवा होतो. म्हणून जेथे शंभरात एखादाच मरतो किंवा एखादाच वाचतो अशा टोकांना मात्रेचा अंदाज हुकण्याचा संभव फार, आणि चढ जेथे सर्वांत उभा तेथे, म्हणजे पन्नासाच्या ठायी, तो सर्वांत कमी. निम्म्यांवर बोट ठेवले गेले ते एवढ्याचसाठी. दोन कुप्यांची तुलना बिनचूक व्हावी हा व्यापारी सचोटीचा मुद्दा होता. माणसाला धोका किती, हा प्रश्न त्या निबंधाच्या दप्तरी दाखलच नव्हता.

मूळचे हे काम ती कल्पना आजही इमानाने करते. आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष दिले जाते, त्याच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे असा दंडक आहे, आणि त्याची परीक्षा उंदरांवर, निम्म्यांच्याच हिशेबाने होते.

औषधाच्या घरातून ही संख्या कीटकनाशकाच्या घरी गेली त्यात चेस्टर ब्लिस या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचा हात मोठा. मंदीच्या काळात, १९३३ साली, सरकारी नोकरी गेल्यावर तो लंडनला रोनाल्ड फिशरकडे गणित शिकायला गेला, आणि ट्रेव्हनचा तो वळणदार वक्र सरळ रेषेत उतरवण्याची तजवीज त्याने १९३४ साली ‘प्रॉबिट’ या नावाने प्रसिद्ध केली. हाताने आकडेमोड करणाऱ्यांना उणे संख्यांचा जाच नको म्हणून त्या मापात पुढे सरसकट पाच मिळवण्याची रीत पडली. कारकुनी सोयीचा हा पाच अर्धे शतक विषशास्त्राच्या कोष्टकांत ठाण मांडून होता.

मग कायदे आले, आणि कायद्याला वर्गवारीसाठी एखादी संख्या लागतेच. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळले गेलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली आणि चौकश्या झाल्या. आपला १९६८ चा कायदा त्या वाटेने आला. आता त्याच पॅराथिऑनचा दाखला पाहा: नर उंदरांत त्याचा एलडी ५० किलोमागे सुमारे १३ मिलिग्रॅम, तर मादीत साडेतीनच्या आसपास. एका घुशीवजा प्राण्याच्या नर-मादीत जर चौपटीच्या जवळ अंतर पडते, तर उंदरावरून माणसावर उडी घेताना किती जपले पाहिजे हे सांगायला नको. शिवाय हे माप एका मात्रेचे, एका जिनसाचे, धडधाकट जनावराचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन दिवसचे दिवस फवारणी करणारे वीसांहून अधिक इसम मेले. त्यांच्या अंगावर पडलेल्या मिश्रणांचा, घामाचा आणि वाऱ्याच्या दिशेचा हिशेब चौकोनातला कोणताही रंग देत नव्हता.

या संख्येवरचा रोष पशुदयेच्या बाजूने आधीच वाढला होता. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्रयोगातील जनावरांची संख्या व यातना कमी करण्याचा आणि जमेल तेथे जनावरच टाळण्याचा मार्ग ग्रंथरूपाने मांडला. तरी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ साली घालून दिलेली एलडी ५० ची जुनी रीत रद्द व्हायला २००२ साल उजाडावे लागले. तिच्या जागी आलेल्या तीन पद्धतींत जनावरे थोडी लागतात. एकीत तर मरण हे गमकच नाही, विषबाधेची स्पष्ट लक्षणे दिसली की पुरे.

जनावराला हात न लावता विषारीपणाचा अंदाज बांधणारी गणकयंत्राची शाखा निराळ्या मुळापासून फुटली. हान्स मेयर आणि अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेडकांच्या पिलांवर दाखवले होते, की पाण्यापेक्षा तेलात जो पदार्थ अधिक विरघळतो तो अधिक गुंगी आणतो. या धाग्याला धरून कॅलिफोर्नियातील कॉर्विन हान्श आणि जपानहून आलेला तोशिओ फुजिता यांनी १९६० नंतर रेणूची घडण व त्याचा परिणाम यांना समीकरणात बांधले; त्यांचे पहिले प्रयोगद्रव्य वनस्पतींची वाढ चाळवणारी आम्ले, म्हणजे तणनाशकांची भावंडेच. आज रेणूची आकृती पुढे टाकताच यंत्र तिच्या विषारीपणाचा अंदाज सांगते. मात्र त्याला ही विद्या शिकवायला जी बाराखडी लागली, ती जुन्या प्रयोगवह्यांतून जमवलेल्या सुमारे १२,००० रसायनांच्या नोंदींची, आणि त्या नोंदी उंदरांच्या आहेत. यंत्राचे उत्तरही किलोमागे इतके मिलिग्रॅम असेच येते, निम्म्यांसाठी.