माल गेला, मालक मागे राहिला : करमाडच्या निमित्ताने

करमाडचे नाव देशभर पोहोचले ते 8 मे 2020 च्या पहाटे. टाळेबंदीत काम थांबलेले जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर रुळांच्या कडेने पायी निघाले होते. बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान ते थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया या जिल्ह्यांतली ती माणसे. गावात कामधंदा असता तर ती इतक्या दूर का आली असती, असे तेव्हा अनेकांनी विचारले. मला त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न पडला. या रुळांनी करमाडसारख्या गावांना तरी स्वतःचा धंदा दिला का?

हा लोहमार्ग हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत जाणारा हा मीटरगेज मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता तयार झाला. मनमाडला तो मुंबईच्या मार्गाला मिळाला आणि मराठवाड्याच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. जालना, परभणी, नांदेड येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने चालू लागले. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही ऐकू येते. मधल्या खेड्यांच्या वाट्याला मात्र कच्चा माल गाडीत भरून पाठवण्याचे काम आले.

आणि तो माल विकताना काय होई? कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून रक्कम कापली जाई. भाव ठरे तो रुमालाखाली, दलालांच्या बोटांच्या खुणांनी. यावर पहिला इलाज झाला तो वऱ्हाडात. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कायदाही झाला. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. हैदराबाद संस्थानाने 1930 मध्येच शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तेव्हा फक्त कापसापुरता 1927 चा कायदा होता; सर्व शेतमालासाठीचा कायदा तेथे 1939 मध्ये आला. मागासलेपणाचा शिक्का बसलेले संस्थान या बाबतीत पुढे होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

परंतु कायद्याने तराजू सरळ झाला तरी पेरणीच्या वेळी सावकाराकडून उचल घेतलेल्या शेतकऱ्याचा माल बाजाराच्या दारात येण्याआधीच बांधलेला असे. ही गाठ नेमकी दाखवली गोरवाला समितीने. 1954 च्या तिच्या ग्रामीण पतपाहणी अहवालानुसार 1951-52 मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते. धनंजयराव गाडगीळ या समितीचे सदस्य होते. कर्ज, विक्री, प्रक्रिया आणि गोदाम हे चारही एकत्र बांधल्याशिवाय खेडे उभे राहणार नाही, हा तिचा निष्कर्ष आजही जुना झालेला नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि औरंगाबादभोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा वसाहती वाढत गेल्या. 1984 मध्ये दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी यांची ती मोजदाद मोलाचीच होती. पण गावातल्या माणसाला धंद्यासाठी भांडवल, गोदाम आणि हिशेबाचे ज्ञान किती मिळते, याचा रकाना तिच्यात नव्हता. जे मोजले जात नाही ते नियोजनातही येत नाही.

आता दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ‘ऑरिक’ नगरी करमाडच्या शिवाराला येऊन भिडली आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून तिचा विस्तार सुमारे दहा हजार एकर आहे. रस्ते रुंद आहेत, वीज-पाणी आहे. ही सोय नको असे कोण म्हणेल? पण रेल्वे आली तेव्हा गावाने कापूस दिला, कारखाने आले तेव्हा मजूर दिले, नगरी आली तेव्हा जमीन दिली. तिन्ही वेळा गाव विकणारे होते, व्यवसायाचे मालक नव्हते.

मालकीची वाट कायद्याने आता मोकळी आहे. कंपनी कायद्यातल्या 2003 पासूनच्या तरतुदीनुसार शेतकरी स्वतःची उत्पादक कंपनी काढू शकतात. पण नोंदणीचा कागद म्हणजे धंदा नव्हे. हंगामात माल घेण्यासाठी खेळते भांडवल, भाव पडला तर थांबता यावे म्हणून गोदाम आणि रोजची खतावणी लिहिणारा जाणकार माणूस, हे तिन्ही गावात लागते. गोरवाला समितीची चार कलमे घेऊन कोणी करमाडच्या बाजारात उभे राहिले, तर पुढच्या नियोजनाचा पहिला कागद तेथेच लिहून होईल.